चित्रपटाबाहेरचं मराठी गाणं: मुंबईतल्या तबकड्या आणि कॅसेटींची पार्श्वभूमी

गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळमधल्या मंडपांवरून एक चक्कर मारली, तर मराठी ध्वनिमुद्रणाची पन्नास-साठ वर्षं कानांवरून जातात. मंगेशकर भावंडांच्या आवाजातली आरती संपते न संपते तोच ‘गणराज रंगी नाचतो’ सुरू होतं, पुढच्या मंडपात प्रल्हाद शिंदे लागलेले असतात, त्याच्या पुढच्या गल्लीत आनंद शिंदे. ऐकणाऱ्याच्या लेखी ही सगळी ‘गणपतीची गाणी’. ती कधी आली, कशावर छापून आली, कोणी वाजवली, हे विचारायला त्या गर्दीत कोणी थांबत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही गाणी सिनेमासाठी झालेली नाहीत. सिनेमाचं शहर म्हणून मिरवणाऱ्या मुंबईत सिनेमाला वगळून एक भलंमोठं मराठी गाणं उभं राहिलं. या शहरात ध्वनिमुद्रणाचं साधन ज्या ज्या वेळी बदललं, त्या त्या वेळी माइकपुढे उभं राहणारं माणूसही बदललं. मराठी अल्बमचा इतिहास मला याच अंगानं वाचावासा वाटतो.

सुरुवात अर्थातच मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीपासून. 1902 साली कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मेणावर उतरवलं गेलं, तेव्हा गाणं संपल्यावर स्वतःचं नाव पुकारण्याची पद्धत होती, कारण तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना हे कोण गातंय ते कळायला हवं असे. पुढे छपाई कलकत्त्याजवळच्या डमडमला आली. तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटांची. त्या सव्वातीन मिनिटांत ख्याल मावत नव्हता, नाट्यपदाच्या ताना छाटाव्या लागत होत्या. मावत होती ती कविता. दोन-तीन कडवी, एक ध्रुवपद, मध्ये पेटी-व्हायोलिनचा छोटा तुकडा. तीसच्या दशकाच्या आरंभी गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांनी ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताला बाजार आहे हे एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीला कळलं. नाटकातलं पात्र नाही, देवाचं नाव नाही, नुसती कविता आणि गाणारा माणूस. हे त्या काळात नवं होतं. वकिलीचं शिक्षण घेतलेले हे जोशी पुढे एचएमव्हीतच नोकरीला लागले आणि मुंबईच्या स्टुडिओत कितीतरी मोठ्या गवयांची ध्वनिमुद्रणं त्यांनी करून घेतली. गाणारा माणूसच ध्वनिमुद्रकाच्या खुर्चीत बसला, याचा फायदा मराठीला फार मोठा झाला.

गजानन वाटव्यांनी हेच भावगीत गणेशोत्सवाच्या मांडवात नेलं. पेटी पुढ्यात घेऊन एकट्याने तीन-तीन तास रसिकांना बसवून ठेवायचं. तबकडी घेण्याची ऐपत फार थोड्यांची होती. ग्रामोफोन असायचा एखाद्या बंगल्यात, नाहीतर इराण्याच्या हॉटेलात. चाळीतल्या माणसाला गाणं मिळे ते मांडवात आणि रेडिओवर.

रेडिओचा वाटा मोठा आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर श्रीनिवास खळे आणि यशवंत देव यांच्यासारखे संगीतकार नोकरी करत होते. नव्या कवितेला नवी चाल लावणं हा तिथे रोजच्या कामाचा भाग होता. मंगेश पाडगावकरांचं ‘शुक्रतारा मंद वारा’ साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथेच अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांच्या आवाजात झालं. दाते कापड उद्योगातले इंजिनिअर. मुंबईच्या नोकरदार वर्गातला माणूस भावगीत गातो आणि तसाच नोकरदार वर्ग ते ऐकतो, अशी ती जोडी जमली होती. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला खळ्यांनीच चाल दिली आणि शाहीर साबळ्यांनी ते गायलं. 2023 मध्ये राज्य शासनाने ते राज्यगीत केलं. साठ वर्षांपूर्वीच्या एका ध्वनिमुद्रणाला मिळालेला हा मान आहे.

अल्बम ही कल्पना मात्र एलपीशिवाय, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकडीशिवाय, शक्य नव्हती. 78च्या तबकडीवर एका बाजूला एक गाणं. 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर, म्हणजे ईपीवर, चार. मध्यमवर्गीय मराठी घरात ईपी जास्त खपत, कारण त्या परवडत. बारा इंची एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. आता गाण्यांचा क्रम लावता येऊ लागला. कशानंतर काय यावं, पहिली बाजू कुठे संपावी, याचा विचार संगीतकार करू लागले.

या विचाराचं मराठीतलं सर्वात देखणं रूप मला ‘शिवकल्याण राजा’त दिसतं. 1974 साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली, त्या निमित्ताने ही एलपी निघाली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, मुख्य आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. त्यातले कवी पाहा. रामदासांचं ‘निश्चयाचा महामेरू’ आहे, भूषणाचं ‘इंद्र जिमि जंभ पर’ आहे, म्हणजे शिवकाळाचेच साक्षीदार. त्यांच्या शेजारी गोविंदाग्रजांची अंगाई ‘गुणि बाळ असा’, सावरकरांचं ‘हे हिंदुनृसिंहा’, कुसुमाग्रजांचं ‘वेडात मराठे वीर दौडले सात’, म्हणजे विसावं शतक. तीनशे वर्षांच्या अंतरावरचे कवी एका तबकडीवर एका ओळीत बसवायचे, आणि तरी ते जोडकाम वाटू द्यायचं नाही, हे सोपं नव्हे. ते साधलं दोन गोष्टींमुळे. पुरंदऱ्यांचं निवेदन दोन गाण्यांमधला पूल होतं. आवाज खाली नेत ते प्रसंग उभा करतात आणि वाक्य संपतं तिथेच गाण्याचा पहिला सूर लागतो. दुसरी गोष्ट चालींची. अंगाईला अंगाईचाच संथपणा आहे, भूषणाच्या छंदाला त्याचाच घोडदौडीचा ठेका आहे. एका ठरावीक ‘वीररसा’त सगळी गाणी बुडवण्याचा मोह हृदयनाथांनी टाळला. ही गाणी सुटी ऐकून कळत नाहीत. बाळाला झोपवणाऱ्या आईपासून सात वीरांच्या मरणापर्यंतची चढण सलग ऐकल्यावरच कळते.

त्याच काळात खळ्यांनी लताबाईंकडून ‘अभंग तुकयाचे’ गाऊन घेतलं. पुढे 1985 मध्ये लताबाई आणि भीमसेन जोशी यांचा ‘राम श्याम गुणगान’ही त्यांनीच केला. एवढ्या दोन मोठ्या गळ्यांना एकत्र बसवून चाल मात्र आपलीच राखायची, हा खळ्यांचा शांत हट्ट त्यात ऐकू येतो. त्यांच्या चालींना पहिल्या ऐकण्यात सहज वाटण्याची सवय आहे. स्वतः गुणगुणायला गेलं की कळतं, पट्टी नाही तरी नजाकत आपल्या आवाक्याबाहेरची आहे.

ही सगळी तबकड्यांची दुनिया सुशिक्षितांची, प्रमाण मराठीची होती, हे मान्य करायला हवं. कोळ्यांचं गाणं तबकडीवर आलं ते शांता शेळके यांच्या शब्दांत आणि हृदयनाथांच्या चालीत. ‘मी डोलकर’मध्ये लताबाईंसोबत हेमंतकुमार गायले. गाणं अप्रतिम आहे, आणि कोळीवाड्यांनीही ते आपलं म्हणून स्वीकारलं. पण वेसाव्याचा किंवा वरळीचा कोळी स्वतःच्या बोलीत स्वतःचं गाणं घेऊन कंपनीच्या दारात गेला असता तर किती वेळा त्याला आत घेतलं असतं? तबकडी छापायला डमडमचा कारखाना लागे, आणि एवढ्या प्रती काढायच्या तर खपाची खात्री लागे. खात्रीचा माणूस म्हणजे नाव असलेला माणूस.

हे दार कॅसेटने उघडलं. फिलिप्सने कॅसेट आणली 1963 सालीच, पण आपल्याकडे ती घरोघर गेली ऐंशीच्या दशकात. आखातातून येणाऱ्या माणसाच्या सामानात टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट प्लेअर एकत्र असलेला संच, असायचाच. मग देशी प्लेअरही स्वस्त झाले. व्हीनस, टिप्स, टी-सीरीज या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या सावलीत कितीतरी छोट्या. कॅसेट काढायला कारखाना लागत नव्हता. मास्टर टेप आणि भराभर प्रती काढणारी यंत्रं असली की झालं. आधी थोड्या प्रती काढायच्या, खपल्या तर आणखी. आठ-दहा गाणी एका दिवसात, फार तर दोन दिवसांत मुद्रित करायची, कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदावर, म्हणजे इनले कार्डावर, गायकाचा फोटो छापायचा, आणि माल स्टेशनबाहेरच्या फळकुटावर.

प्रल्हाद शिंदे त्याआधीच तबकड्यांवर गाजलेले होते. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे दत्ता पाटलांचं गाणं, मधुकर पाठकांची चाल. ‘ऐका सत्यनारायणाची कथा’ तर पूजेच्या सामानाच्या यादीत असल्यासारखं घराघरात वाजत असे. विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीतं अशी तिन्ही वळणं त्या एका गळ्यात होती, आणि तिन्हींत तो आवाज सारखाच खरा होता. कॅसेटने त्या आवाजाला महाराष्ट्रभर पोचवलं. मग त्यांचे मुलगे आनंद आणि मिलिंद आले. आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ने कॅसेटच्या बाजारात काय धुमाकूळ घातला हे त्या वेळी लग्नाच्या वरातीत चाललेल्या कोणालाही विचारा. तिसऱ्या पिढीत आदर्श शिंदे गातात. एका घराण्याचा हा प्रवास शास्त्रीय संगीताच्या कुठल्याही घराण्याइतकाच नोंद घेण्याजोगा आहे, आणि त्याची तशी नोंद झालेली नाही याची मला खंत वाटते.

भीमगीतांचं मूळ तर आणखी मागचं. आंबेडकरी जलशांनी चळवळीचा विचार गावोगाव नेला. मुंबईत गिरणीत राबलेल्या वामनदादा कर्डकांनी हजारोंच्या ओठी बसणारी गाणी लिहिली, गायली. यातलं फार थोडं मोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर आलं. कॅसेट आल्यावर हा सगळा साठा बाहेर पडला. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कला चैत्यभूमीच्या वाटेवर स्टॉल लागतात, तिथे पुस्तकांच्या जोडीला पूर्वी कॅसेटींची चळत असे. विकणारा प्रत्येक कॅसेट प्लेअरला लावून एक कडवं ऐकवी, गिऱ्हाईक मान डोलावी, आणि विदर्भातून किंवा मराठवाड्यातून आलेला माणूस पाच-सहा कॅसेटी पिशवीत टाकून गावी नेई. गावातल्या पुढच्या 14 एप्रिलला तीच वाजत. नंतर त्या जागी सीडी आल्या, मग पेनड्राइव्ह. कुठल्याही दुकानाच्या खपाच्या यादीत हा बाजार कधी दिसला नाही, पण मराठी गाण्याचा एवढा निष्ठावान श्रोता दुसरा नाही.

वेसाव्यातही हेच घडलं. काशीराम चिंचय आणि त्यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’ने कोळीवाड्याची गाणी कोळीवाड्याच्याच बोलीत कॅसेटवर आणली. ‘वेसावची पारू’ हळदीत वाजली नाही असं आगरी-कोळी लग्न नव्वदीत शोधून सापडलं नसतं. आता शब्द परक्याकडून घ्यावे लागत नव्हते.

या सगळ्यात वाजवणाऱ्यांचं काय? एलपीच्या मागे गायक, कवी, संगीतकार यांची नावं असत. वादकांसाठी ‘वाद्यवृंद’ एवढा एक शब्द. कॅसेटच्या इनले कार्डावर तर तोही नसे. अनिल मोहिलेंसारख्या संयोजकाने कितीतरी गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले, ते श्रोत्याला ठाऊक असतात, पण मोहिलेंचं नाव जाणकारांपुरतं राहिलं. प्रभाकर जोग हे सुखद अपवाद. सुधीर फडक्यांकडे वर्षानुवर्षं साथ केलेल्या या व्हायोलिनवादकाने ‘गाणारं व्हायोलिन’ ही मालिका केली, आणि त्यात गाण्याचा शब्दन् शब्द तारांतून उच्चारल्यासारखा येतो. साथीदाराचं नाव मुखपृष्ठावर ठळक आलं. ढोलकी, तबला, बासरी, अ‍ॅकॉर्डियन वाजवणाऱ्या शेकडो जणांच्या वाट्याला हे आलं नाही. दिवसाला दोन-तीन ठिकाणी, एका स्टुडिओतून दुसरीकडे लोकलने वाद्य सांभाळत जाणारी ही माणसं होती. मराठी अल्बमचा नाद त्यांच्या हातचा आहे.

नव्वदीच्या अखेरीस सीडी आणि मराठी वाहिन्या जवळपास बरोबरच आल्या. 1998च्या ‘गारवा’त कवी सौमित्र आधी कविता म्हणतात आणि मग मिलिंद इंगळे ती गातात, त्यामुळे कवीचा आवाज प्रथमच एवढ्या तरुणांच्या वॉकमनमध्ये गेला. 2002 मध्ये अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने मराठी गाण्याला व्हिडिओचं वेड लावलं. त्यानंतरची काही वर्षं बरी गेली, मग नक्कल केलेल्या सीडींनी आणि मोबाइलमध्ये भरून मिळणाऱ्या गाण्यांनी छोट्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. काळा घोड्याचं रिदम हाऊस हे गाण्यांच्या तबकड्या-कॅसेटींचं दुकान 2016 च्या फेब्रुवारीत बंद झालं.

आता गाणं फोनवर आहे. मुंबईतला मुलगा घरच्या खोलीत लॅपटॉपवर मराठी रॅप मुद्रित करतो आणि रात्रीत जगभर पोचवतो. दार आणखी रुंद झालं, हे चांगलंच. पण ‘शिवकल्याण राजा’ तिथे अनेकदा सुट्या गाण्यांत विखुरलेलं मिळतं, आणि यादी आपोआप पुढे सरकली की भूषणानंतर भलतंच काही लागतं. गायकाचं नाव ठळक असतं, कवीचं पुष्कळदा नसतंच, वादकांचा तर प्रश्नच येत नाही. तबकडीचं कव्हर किंवा कॅसेटचं इनले कार्ड अजून ज्यांच्या घरी आहे त्यांनी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवावेत. कोणत्या गाण्याला कोणाचे शब्द, कोणाची चाल, कोणाचं संयोजन, हे बऱ्याच छोट्या कंपन्यांच्या बाबतीत आता तेवढ्याच कागदावर उरलेलं आहे.