औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांमधील व्यावसायिकता

ज्ञान आणि हातोटी असूनही फार्मासिस्टवर भरवसा ठेवावा की नाही, हे ज्या वागणुकीवरून ठरते तिला व्यावसायिकता म्हणतात. प्रामाणिकपणा, रुग्णाची माहिती पोटात ठेवणे, चूक कबूल करणे आणि विक्रीपेक्षा रुग्णाचे हित मोठे मानणे ही तिची मुख्य अंगे.

भारतात फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. डी.फार्म. या पदविकेच्या विद्यार्थ्याला ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे आहे. २००८ पासून सुरू झालेल्या फार्म.डी. या सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटचे, सहावे वर्ष इंटर्नशिपचे असते.

या गुणांची खरी कसोटी काउंटरवर लागते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन शासकीय रुग्णालयांत विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाटकडचेही रुग्ण येतात. संधिवाताच्या आजीला मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर जिवावर बेतते. ‘समजलं का?’ असे विचारले की आजी मान हलवतेच. ‘आजी, कोणत्या वारी घ्याल, सांगा बरं,’ असे विचारून ‘सोमवारी’ हे उत्तर तिच्याच तोंडून ऐकणारा आणि पाकिटावर तो वार लिहून देणारा विद्यार्थी वेगळा ओळखू येतो.

मूल्यमापनासाठी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ ही परीक्षापद्धत वापरता येते. विद्यार्थी ठरावीक मिनिटांत एकेका टेबलावर जातो. तिथे रुग्णाची भूमिका करणारा माणूस, समजा, चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलाम ही सवय लावू शकणारी, मन शांत करणारी गोळी मागतो आणि नकार मिळाल्यावर आवाज चढवतो. नकार ठाम हवा, पण अपमान करणारा नको. तरी परीक्षक समोर असताना बहुतेक जण नीटच वागतात, ही या पद्धतीची मर्यादा आहे. म्हणून अनेकांनी, अनेक दिवस केलेल्या त्याच्या वागण्याच्या छोट्या नोंदी अधिक विश्वासार्ह ठरतात.

असे वागणे जिथे दिसते ती एक जागा म्हणजे विद्यार्थ्याने रोज भरायची, औषधांच्या फ्रिजच्या तापमानाची वही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावे लागते. महिनाभराच्या रकान्यांत एकाच पेनाने, एका बैठकीत ‘४, ४, ४’ लिहिलेले दिसले, तर लेखी पेपरात न दिसणारी गोष्ट दिसते. ‘रात्री लाइट गेली, सकाळी ११ अंश, सरांना सांगितले’ अशी खाडाखोडीची एक ओळ त्या सुबक पानापेक्षा मोलाची आहे. ती लिहिणाऱ्याला रागावले, तर पुढच्या वेळी तोही ४ लिहील. व्यावसायिकता जोपासण्याचा किंवा मोडून काढण्याचा क्षण तो असतो.

शपथ आणि पांढरा कोट यांचे समारंभ गरजेचे आहेत, पण विद्यार्थी शिकतो ते पाहून. फार्मासिस्टने आपले सर्टिफिकेट दुकानदाराला भाड्याने देऊन घरी बसण्याची चाल या धंद्यात आहे आणि मुलांना ती पहिल्या वर्षापासून ठाऊक असते. शेड्यूल एच-१ या, चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीतील औषधांची नोंद स्वतंत्र रजिस्टरमध्ये करून ती ३ वर्षे जपावी लागते. ज्या दुकानात हे रजिस्टर कोरे आहे, तिथे प्रशिक्षणाचे तास भरतात, शिक्षण होत नाही. त्यामुळे मुलांना दुकानात पाठवण्यापूर्वी शिक्षकाने एकदा न सांगता तिथे जावे, फार्मासिस्ट जागेवर आहे का ते पाहावे आणि मगच त्या दुकानाचे नाव मुलांना कळवावे.