पॉपकॉर्नला मशीन नाही, १८० अंश लागतात

ऑनलाइन सेल लागला की पॉपकॉर्न मशीनच्या जाहिरातींना ऊत येतो. ‘एक थेंबही तेल नाही, झिरो फॅट, शंभर टक्के हेल्दी!’ यातलं ‘झिरो फॅट’ तर धडधडीत खोटं आहे. मक्याच्या दाण्यातल्या कोंबात मुळातच तेल असतं. नुसत्या गरम हवेवर फुलवलेल्या १०० ग्रॅम पॉपकॉर्नमध्येही साडेचार ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. त्याच १०० ग्रॅममध्ये १४ ग्रॅमहून जास्त तंतुमय पदार्थ आणि सुमारे ३८७ किलोकॅलरी असतात. सालीसकट पोटात जाणारं हे अख्खं धान्य आहे, म्हणून खाणं चांगलंच. पण हा चांगुलपणा मक्याचा आहे, मशीनचा नव्हे.

मशीन घ्यावं की नाही हे ठरवायचं तर आधी दाण्यात काय घडतं ते बघायला हवं. मला विचाराल तर स्वयंपाकघरात याहून सुंदर भौतिकशास्त्र दुसरं नाही.

पॉपकॉर्नचा मका ही वेगळी जात. दाणा लहान, काचेसारखा कडक, साल घट्ट. आत स्टार्च आणि वजनाच्या साधारण १४ टक्के पाणी. दाणा तापतो, पाणी १०० अंशांच्या पुढे जातं, पण वाफेला बाहेर पडायला वाट नसते. त्यामुळे दाब वाढतो आणि दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळतच नाही. आपल्या कुकरचं तत्त्व हेच. फक्त कुकरची शिटी होते तेव्हा आत वातावरणाच्या दुप्पट दाब आणि १२० अंश तापमान असतं. मक्याच्या दाण्यात मात्र तापमान १८० अंशांपर्यंत चढतं आणि दाब वातावरणाच्या दसपटीच्या घरात जातो. तोवर आतला स्टार्च शिजून लगद्यासारखा मऊ झालेला असतो. शेवटी साल हार मानते.

२०१५ साली फ्रान्समधल्या एमानुएल विरो आणि अलेक्झांडर पोनोमारेंको या संशोधकांनी हे सगळं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. भट्टी १७० अंशांवर असताना जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले. १८० अंशांवर जवळजवळ सगळे. दहा अंशांत एवढा फरक! दाणा उडी मारतो तेही त्यांना दिसलं: फुटताना स्टार्चचा एक ‘पाय’ बाहेर येतो, भांड्याच्या तळाला रेटा देतो आणि दाणा कोलांटी घेतो. ‘फट्’ हा आवाजही साल तडकल्याचा नसतो. कोंडलेली वाफ एकदम सुटते, तिचा असतो.

आता थोडं गणित. दाणा १५० मिलिग्रॅमचा धरू, म्हणजे आत २० मिलिग्रॅमच्या आसपास पाणी. साल फुटताच दाब कोसळतो आणि १८० अंशांवरच्या पाण्याला १०० अंशांवर यावंच लागतं (आमचं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून इथे ९८ म्हणा). मधल्या ८० अंशांची उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. दाण्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक ग्रॅम एका अंशाने तापवायला लागणारी ऊर्जा, दोन ज्यूल धरली तर हिशेब २४ ज्यूलचा येतो. एक मिलिग्रॅम पाण्याची वाफ करायला सव्वादोन ज्यूल लागतात. म्हणजे दहा-अकरा मिलिग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं, स्टार्चला फुगवतं आणि त्याच दमात थंडही करतं. फेस जागच्या जागी गोठतो. तोच आपला पांढरा पॉपकॉर्न.

उरलेलं निम्मं पाणी मात्र अजून त्या गरम फेसातच असतं आणि पुढच्या मिनिटभरात ते बाहेर पडायला हवं. भांडं घट्ट झाकलेलं असेल तर ती वाफ पुन्हा फेसात मुरते आणि कुरकुरीत पॉपकॉर्न चिवट होतात.

उपकरणाचा सगळा प्रश्न इथेच सुटतो. दाणे सगळीकडून सारखे आणि झटपट १८० अंशांवर जायला हवेत, आणि वाफेला वाट हवी. तापवणं फार संथ झालं तर दाण्याच्या कणसाकडच्या टोकातून वाफ हळूहळू गळून जाते आणि दाणा न फुटता नुसता करपतो. आच फार मोठी असेल तर आतला स्टार्च शिजण्याआधीच साल फुटते आणि अर्धवट, कडक पॉपकॉर्न हाती येतो.

पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. महाद्वार रोडच्या बाजारातून आणायचीही गरज नाही, भाताचं घरात असतंच. मोठा चमचाभर शेंगतेल घाला. गोल दाणा कोरड्या भांड्याला एकाच ठिपक्यावर टेकतो. तेलामुळे उष्णता त्याला चहूबाजूंनी मिळते. तेलात तीन दाणे टाका. ते फुटले की समजा तेल १८० अंशांच्या आसपास आलं, वेगळा थर्मामीटर नको. मग अर्धी वाटी दाणे घालून पातेलं अर्धा मिनिट आचेवरून खाली घ्या, म्हणजे सगळे दाणे एकत्र तापतात. पुन्हा मध्यम आचेवर ठेवा, वर ताट जरा तिरकं झाका आणि पातेलं हलवत राहा. दोन आवाजांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ लागले की उतरवा.

तेलाच्या या चमच्यात १२०-१२५ किलोकॅलरी असतात. चौघांत वाटल्या तर माणशी तीसेक. एवढ्यासाठी ओट्यावरची जागा अडवायची?

कुकरमध्ये करणारेही पुष्कळ आहेत. खुशाल करा, पण झाकण लावू नका. उडालेलं टरफल वाफेच्या नळीत अडकलं तर पुढचा स्फोट मक्याचा नसेल. नॉनस्टिक भांडं रिकामं तापत ठेवू नये. २६० अंशांच्या पुढे त्याचा थर विघटित होऊ लागतो.

मशीनमध्ये खालून येणारी गरम हवा दाणे घोळवते आणि फुललेले हलके पॉपकॉर्न बाहेर ढकलते. रचना हुशारीची आहे आणि वाफही छान निघून जाते. पण कोरड्या पॉपकॉर्नवर मीठ टिकत नाही, आणि ते चिकटावं म्हणून मंडळी वरून लोणी ओततात! तेल अजिबातच नको असेल आणि पॉपकॉर्न रोजचे असतील, तर घ्या.

मायक्रोवेव्हची तयार पाकिटं मी टाळतो. पाकिटातून तेल झिरपू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या पीएफएएस गटातल्या रसायनांची खाद्यवेष्टनांसाठीची विक्री अमेरिकेत थांबल्याचं तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केलं. मायक्रोवेव्ह असेलच तर काचेच्या वाडग्यात दाणे पसरून वर सैल झाकण ठेवा. वर्तमानपत्राची पुडी अजिबात नको, शाई अन्नात उतरते.

भांड्यापेक्षाही जास्त घोळ घालतो तो ओलावा. इथल्या लक्ष्मीपुरी बाजारात उघड्या पोत्यातला मका मे महिन्यात घेतला की निम्मे दाणे तळाशी तसेच राहतात. दुकानदार म्हणतो, “ह्यो यंदाचाच माल हाय ओ, तुमचा ग्यास बारीक असंल.” गॅसचा काही दोष नसतो, दाण्यातलं पाणी उडालेलं असतं. अर्धा किलो दाणे बरणीत भरून चमचाभर पाणी घाला, हलवा आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. बहुतेक वेळा ते सुधारतात. पावसाळ्यात उलटं होतं. दाणे ओल धरतात, साल मऊ पडते आणि पॉपकॉर्न खुरटे निघतात. म्हणून हवाबंद डबा. फ्रीज नको, तिथली हवा कोरडी.

आपल्या ज्वारीच्या लाह्याही याच तत्त्वावर फुटतात. नागपंचमीला त्या खाव्यात, जरूर खाव्यात. नागापुढे मात्र ठेवू नयेत. साप पूर्ण मांसाहारी प्राणी. त्याला लाह्या कळत नाहीत आणि दूध पचत नाही. तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते पितो, त्यात श्रद्धेला खूश होण्यासारखं काही नाही.

आता चवीचं. लोणी सुरुवातीला घालू नका. त्यातले दुधाचे घटक १८० अंशांच्या आधीच करपतात. तूप चालतं. कांदालसूण चटणीही आधी घातली तर जळून कडू होते आणि घरभर ठसका उठतो. फुललेल्या पॉपकॉर्नवर चमचाभर कोमट तुपात कालवून घाला. मीठ मिक्सरमधून पिठासारखं काढून घ्या. बारीक कण जास्त चिकटतात, त्यामुळे कमी मिठात काम भागतं. गूळ घालायचा असेल तर पाक दाट करावा लागतो, आणि मग ‘हेल्दी’ हा शब्द वापरू नये. चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकतात. मोठ्यांनी तळाचे न फुटलेले दाणे चावण्याची हौस आवरावी, दाताचा टवका उडतो.