घरगुती स्लुइस आणि ‘फाइन’चा घोळ

पीव्हीसी पाइप उभा चिरला, आत दारातली नूडल मॅट चिकटवली, खाली बादली नि कूलरचा पंप, झाला स्लुइस, म्हणजे वाहत्या पाण्यात रेती धुऊन जड सोनं मागे ठेवणारी पन्हळ. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका ओळखीच्या कारागिराला विचारलं की यात फाइन सोनं धरेल का, तर म्हणाला, ‘फाइन धुवायचं कशाला? ते चोखच असतं.’

घोळ इथेच आहे. सराफाचं फाइन म्हणजे शुद्धता, हजारात किती भाग सोनं ते, म्हणून ९९९ फाइन, आणि २२ कॅरेटला ९१६. सोनं धुवायच्या व्हिडिओतला माणूस म्हणतो ते फाइन म्हणजे दाणा बारीक, साधारण १०० मेशच्या (इंचाला १०० भोकांच्या) चाळणीतून पडणारा, म्हणजे ०.१५ मिमीपेक्षाही लहान. नदीतल्या बारीक सोन्यात बहुतेकदा चांदी असते, म्हणजे सराफाच्या हिशोबाने ते फाइन नाहीच, आणि कानस मारताना पडणारी पूड बारीक असते पण तिच्यात तांबंही आलं. या एका शब्दापायी नवीन माणूस धुवायचं सामान सोडून नायट्रिक ॲसिड शोधत बसतो, ज्याचा धूर बाल्कनीत घ्यायची गोष्ट नाही. ‘बारीक’ नि ‘चोख’ असे दोन चांगले शब्द घरात असताना हे का करायचं कळत नाही.

बारीक सोनं हातातून निसटतं हे जुनंच दुखणं. काळ्या समुद्राकाठी मेंढीचं कातडं प्रवाहात अंथरायचे, ती मॅटची पणजी म्हणा. १८४८ नंतर कॅलिफोर्नियात पॅन (रेती धुवायची थाळी), रॉकर (हलवायची पेटी), लाँग टॉम (लांब लाकडी पन्हळ) आले, पण पन्हळीच्या तळातल्या आडव्या पट्ट्या जाड सोन्यासाठी होत्या. सोन्याची घनता १९.३, वाळूची २.६५, तरी चपटी पापडी पाण्यासोबत जाते, कधी चक्क तरंगते (भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकतात तो याचसाठी). मग तिथे पट्ट्यांमागे सोनं धरून ठेवणारा पारा ओतला गेला, तो अजून नद्यांच्या गाळात सापडतो. पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार व्हायला २०१३ उजाडलं.

खरी हौशी अवजारं मात्र ७० च्या दशकानंतरची. अमेरिकेत ३१ डिसेंबर १९७४ पासून खासगी माणसाला सोनं बाळगायची मोकळीक मिळाली, जानेवारी १९८० मध्ये भाव औंसाला ८५० डॉलरला टेकला, आणि शनिवार-रविवारवाले प्लास्टिकचे पॅन घेऊन नदीवर गेले. जाड सोनं आधीच्यांनी नेलेलं, उरलं होतं ते बारीकच, म्हणून मॅट, म्हणून मिलर टेबल, म्हणजे पाटीसारखा गुळगुळीत उतार, वर पाण्याचा पातळ पडदा, आणि चाळून एकाच मापाची केलेली रेती. नवख्याने आधी हेच करावं, स्लुइसचा मोह नंतर.

आणि यात आपल्याला नवीन काय? झवेरी बाजारात दुकानांपुढची धूळ, गटारातला गाळ घमेल्यात धुणारे घमेलेवाले हेच करत आलेत, जुन्या मराठीत झारेकरी. त्यांचं कौतुक कोणी करत नाही.

आपल्या बाजूला काळा बेसॉल्ट, त्यामुळे रेतीत जड काळे कण मिळतील, सोनं विसरा, शिवाय खाडीतली रेती विनापरवाना उचलणं गुन्हा. म्हणून स्लुइसच्या टेस्टला सोन्याऐवजी शिशाचे २० चपटे कण टाकून किती परत येतात ते मोजायचं, हातमोजे घालून. दुकानातली झाडलोट मिळाली तर बरं, पण त्या कारागिराची आधीच ठरलेल्या माणसाला विकलेली असते.