डॉ. मायनर आणि मरे यांच्या भेटीची ती गोष्ट खोटी आहे

ऑक्सफर्ड डिक्शनरीची ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, की एडिटर जेम्स मरे आपल्या सगळ्यात हुशार मदतनीसाला, डॉ. मायनरना, भेटायला इंग्लंडमधल्या ब्रॉडमूरला गेले, समोरच्या साहेबाला डॉ. मायनर समजून नमस्कार केला आणि तेव्हा कळलं की हा तर वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख आहे, मायनर इथला पेशंट आहे!

असं काही झालं नाही. ही गोष्ट 1915 मध्ये एका मासिकात छापून आली आणि तेव्हापासून फिरतेय. मरेंना सुरुवातीला वाटायचं की मायनर तिथले डॉक्टर असतील, भरपूर मोकळा वेळ असलेले, एवढं खरं. पण हार्वर्ड विद्यापीठाचे लायब्ररियन मरेंना भेटायला आले तेव्हा बोलता बोलता त्यांच्याकडूनच मरेंना सगळं समजलं, आणि पहिली भेट झाली ती त्यानंतर, 1891 च्या जानेवारीत. म्हणजे मरे सगळं माहीत असून गेले, मला तर हे त्या बनावट गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

मायनर अमेरिकन आर्मीतले सर्जन, भ्रमाच्या आजारात 1872 मध्ये लंडनला एका निरपराध कामगाराला गोळी घालून मारलं आणि म्हणूनच ते ब्रॉडमूरला होते. तो कामगार जॉर्ज मेरेट, त्याचं नाव या गोष्टीत कोणी घेतच नाही. कोठडीत बसून मायनर जुनी पुस्तकं वाचायचे, बारीक अक्षरात शब्द आणि पान नंबर टिपून ठेवायचे, मग ऑक्सफर्डला विचारायचे की सध्या कुठला शब्द चाललाय, आणि नेमकी तोच शब्द वापरलेली पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून पाठवायचे.