आंपां : फ्रेंचांची वीत

पंजा ताणून धरला की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जी भरते ती आपली वीत. फ्रेंचमध्ये तिला 'आंपां' म्हणतात, साधारण 20 ते 24 सेंटिमीटर. हाताची इतर फ्रेंच मापं लॅटिनमधून आली: 'पोम' म्हणजे तळहात, 'पूस' म्हणजे अंगठा आणि त्यावरूनच इंच. आंपां मात्र फ्रँक या जर्मानिक लोकांच्या बोलीतला. मूळ शब्द 'स्पान्ना', त्यामागचं क्रियापद 'ताणणे'. इंग्रजी 'स्पॅन' हे त्याचंच भावंड.

जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं 'एस्पान' झालं. सुरुवातीचा 'स्प' जिभेला जड जातो, म्हणून आधी एक स्वर लागला; स्टेशनचं 'इस्टेशन' होतं, अगदी तसाच. पुढे 'स' गळला आणि 'एम्'ने (लिहायला 'em', उच्चार 'आं') सुरू होणाऱ्या शब्दांच्या ओढीनं आजचं रूप घडलं.

मध्ययुगीन चर्च बांधणाऱ्या गवंड्यांची म्हणून एक पाच मापांची काठी आज हौसेनं दाखवली जाते: 34, 55, 89, 144 आणि 233 रेषा. एक रेषा सुमारे 2.25 मिलिमीटरची. यात 89 रेषांची, म्हणजे 20 सेंटिमीटरची, आंपां. प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज, आणि ही मापं देहातूनच निघाली असं सांगतात. पण पडताळा घ्या: 233 रेषांचा हात 52 सेंटिमीटरचा होतो. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं, तर बहुतेकांचं 45च्या आसपास भरतं. बेरीज सुरेख आहे, पण हा हात देहाचा नाही.

वितीनं मोजताना गफलत होते ती जोडावर. वीत एकदाच मोजपट्टीवर मोजून ठेवावी. हात दुखेपर्यंत ताणू नये. ताण दर वेळी सारखा राहत नाही. करंगळी टेकली त्या जागी खूण करून अंगठा नेमका तिथेच ठेवावा. दर विती अर्धा सेंटिमीटर चुकला आणि सगळी चूक एकाच बाजूला पडली, तर दहा वितींत 5 सेंटिमीटरचा फरक पडतो.

1840पासून फ्रान्समध्ये मीटर सक्तीचा झाला. आंपां उरली ती मानसशास्त्रात: एका वेळी ऐकलेले किती आकडे माणूस क्रमानं परत सांगू शकतो, ती त्याच्या स्मृतीची वीत.