पंप नसलेली कारंजी

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गजवळचा पीटरहॉफ राजवाडा पाहायला गेलेल्यांची नजर आधी खिळते ती बायबलमधल्या सॅमसनच्या पुतळ्यावर. हा सोनेरी वीर सिंहाचा जबडा फाडतोय आणि त्या जबड्यातून पाण्याची धार २० मीटर, म्हणजे सहा-सात मजले वर चढतेय. बागेत अशी शंभराहून जास्त कारंजी आहेत, आणि त्यांना पाणी चढवायला पंप लागत नाही!

गुपित आपल्या घरातलंच आहे. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला धो धो येतं आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर बादली भरता भरत नाही. टाकी जितकी उंच, तितका खाली दाब जास्त. इटालियन शास्त्रज्ञ टोरिचेलीने १६४४ मध्ये नियम मांडला: तेवढ्या उंचीवरून टाकलेला दगड ज्या वेगाने खाली येईल, त्याच वेगाने पाणी तोटीतून सुटतं. तोटी वर वळवली, तर धार पुन्हा जवळजवळ तेवढीच उंची गाठते. 'जवळजवळ' अशासाठी, की नळातलं घर्षण आणि हवा आपापला वाटा घेतात. सॅमसनची धार सुटतानाच ताशी ७० किलोमीटरच्या पुढे असते.

म्हणजे कारंजं किती उडेल हे राजा नाही, डोंगर ठरवतो. पीटरहॉफ उभारणाऱ्या झार (रशियाचा सम्राट) पीटरला हे उमगलं होतं. त्याला महाल आधी जवळच्याच स्त्रेल्ना गावी हवा होता, पण तिथे पाण्याला पुरेसा उतार मिळेना. १७२० मध्ये त्याने रोप्शाच्या उंचवट्यावरचे झरे हेरले. अभियंता वसिली तुवोल्कोवने तिथून वीसेक किलोमीटरचा कालवा आणला आणि १७२३ च्या ऑगस्टमध्ये बाग खुली झाली. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय महालातल्या कारंज्यांसाठी मात्र १४ प्रचंड चाकं आणि दोनशेहून जास्त पंप लावून सेन नदीचं पाणी डोंगर चढवलं जाई. तरीही ते पुरत नसे. पीटरने १७१७ मध्ये ते वैभव पाहिलं होतं. माझ्या मते पीटरहॉफची खरी कलाकृती सोनेरी पुतळे नसून तो साधा कालवाच आहे. (कात्रजचं पाणी नळाने पुण्यात आणणाऱ्या पेशव्यांनाही ही युक्ती ठाऊक होती.)

ऑक्टोबरात कारंजी बंद होतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळ फोडतं, म्हणून ते रिकामे करावे लागतात.

उन्हाळ्यात मुलांची गर्दी मात्र 'खोडकर' कारंज्यांपाशी. कुठल्या दगडावर पाय पडला की पाणी उडतं, हे ती ओलीचिंब होऊन शोधत राहतात. झडप फिरवणारा माणूस जवळच आडोशाला बसलेला असतो.