सगळं कुरतडणाऱ्या कुत्र्यासाठी बॉल घेताय? मग आधी हे वाचा

दुकानात दिवसातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "असा बॉल द्या की आमच्या पोराला फाडताच येणार नाही." पोरगा म्हणजे अर्थात कुत्रा. तर तसा बॉल आमच्याकडे नाहीये, आणि पाकिटावर काहीही छापलेलं असू दे, तसा बॉल कुठेच मिळत नाही. काही दोन दिवस टिकतात, काही दोन वर्षं, आणि ते जेवढं बॉलवर असतं तेवढंच खेळ संपल्यावर तो बॉल कुठे जातो यावर पण असतं. हे काउंटरवर उभ्याउभ्या सांगताना दरवेळी अर्धं राहून जातं म्हणून लिहून काढलंय. नीट वाचा, आणि घरात जो कोण कुत्र्याला फिरवायला नेतो त्याला पण वाचायला द्या.

आमच्या बंड्याचं काय झालं

बंड्या आमचा लॅब, तेव्हा दोन वर्षांचा. टेकडीवर झुडपात त्याला पोरांचा क्रिकेटचा टेनिस बॉल सापडला, आम्ही पण खुश, अर्धा तास मस्त फेकाफेकी झाली, घरी आलो, आम्ही चहा घेत बसलो आणि हा टेबलाखाली बॉल दोन पंजांत धरून चावत पडला. शांत बसलाय ना, बसू दे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोनदा उलटी, संध्याकाळी तूप लावलेली पोळी समोर धरली तर मान फिरवली, आणि बंड्या पोळीला नाही म्हणाला तेव्हाच आमच्या पोटात गोळा आला. एक्स-रेत नीट कळलं नाही, सोनोग्राफीत दिसलं, रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. नंतर डॉक्टरांनी स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवलं, बशीसारखा अर्धा बॉल, वरची हिरवी लव पार निघून गेलेली, कडेने दातांच्या खुणा. जठरातून आतड्यात जायच्या तोंडाशी झाकणासारखा बसला होता. बंड्या आज नऊ वर्षांचा आहे, ठणठणीत आहे, पण ती रात्र आम्ही विसरलेलो नाही.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पक्की धरली आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगतो. फेकताना, धावताना, परत आणताना बॉल सहसा फुटत नाही. तो फुटतो नंतर, कुत्रं एका जागी बसून निवांतपणे दाढेखाली धरतं तेव्हा. म्हणून फेकायची वस्तू वेगळी आणि चावायची वस्तू वेगळी. फेकायचा बॉल खेळ चालू आहे तोपर्यंतच कुत्र्याकडे, खेळ संपला की तुमच्या खिशात आणि घरी आल्यावर कपाटात, वरच्या खणात. आणि त्याच्या बदली चावायला जाड रबराचं काहीतरी लगेच द्यायचं, कारण खेळून आलेल्या कुत्र्याला चावावंसं वाटतंच, तसंच ते शांत होतं, ते बंद करायचं नाहीये.

टेनिस बॉल का नको

स्वस्त आहे, घरात पडलेला असतो, सगळेच देतात, मान्य. पण टेनिस बॉलचा व्यास साधारण साडेसहा ते पावणेसात सेंटीमीटर असतो, म्हणजे मोठ्या लॅबच्या किंवा शेफर्डच्या तोंडात तो आख्खा मावतो, आणि हवेत उडी मारून पकडताना सरळ घशाच्या तोंडाशी जाऊन अडकू शकतो. दुसरं म्हणजे वरची ती लव. नवीन असताना मऊ लागते पण त्यात माती आणि रेती अडकली की ती पॉलिशपेपरसारखं काम करते. रोज तास तास टेनिस बॉल चघळणाऱ्या कुत्र्याचे सुळे जवळून बघा, टोकं गोल झालेली दिसतात. अलिबाग, गुहागरकडे किनाऱ्यावर नेता तेव्हा तर हे जास्तच, आणि बॉलबरोबर पोटात जाणारी रेती वेगळीच.

लेदरचा सीझन बॉल तर बिलकुल नको. एकतर दात तुटण्याइतका कडक, आणि कातडं फाडलं की आत कॉर्कभोवती गुंडाळलेला दोराच दोरा निघतो. पोटात गेलेला दोरा हा अडकलेल्या बॉलपेक्षा सुद्धा वाईट प्रकार आहे, कारण त्याचं एक टोक कुठेतरी अडकून राहतं, आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होत जातं आणि दोरा आतून कापत जातो. रोपचं खेळणं म्हणजे जाड सुती दोरखंडाचं मिळतं ते आम्ही ठेवतो, पण ते दोघांनी ओढायला, तुम्ही एका बाजूला आणि कुत्रं दुसऱ्या बाजूला. एकट्याला देऊन ऑफिसला जाऊ नका. धागे सुटायला लागले की त्याच दिवशी टाकून द्या.

मग घ्यायचं काय

आधी साइज. बॉल असा हवा की कुत्र्याला पुढच्या दातांनी आरामात धरता यावा पण सुळ्यांच्या मागे आख्खा जाऊ नये. साधारण बीगल, स्पिट्झ किंवा मध्यम चणीच्या इंडीला म्हणजे आपल्या देशी कुत्र्याला साडेसहा सेंटीमीटरच्या आसपासचा चालतो, लॅब, गोल्डन, शेफर्डला कमीत कमी साडेसात, रॉटवायलर किंवा ग्रेट डेनला त्याहून मोठा. घरात दोन कुत्री असतील तर साइज नेहमी मोठ्याच्या मापाने घ्या, छोट्याचा बॉल मोठा पळवतोच. पिल्लू असताना घेतलेला बॉल पिल्लू मोठं झालं की बाद करायचा, हे बरेच जण विसरतात.

मग कडकपणा. अंगठ्याचं नख दाबून बघा, थोडा तरी खड्डा पडला पाहिजे. अजिबात पडला नाही तर ती वस्तू तुमच्या कुत्र्याच्या दातापेक्षा कडक आहे असं समजा. लोकांना वाटतं की चावतो ना, मग जेवढं कडक तेवढं चांगलं, आणि मग शिंग, खूर, मटणाची नळी, घट्ट नायलॉनचं हाड असलं काय काय आणतात. वरच्या जबड्यातली जी सगळ्यात मोठी दाढ असते ना, तीच कुत्रं कडक वस्तू फोडायला वापरतं आणि तिचाच बाहेरच्या बाजूचा टवका उडतो. टवका उडाल्यावर आतली नस उघडी पडते, कुत्रं बोलत नाही, फक्त एका बाजूने खायला लागतं, आणि कधीतरी डोळ्याखाली सूज आली की मग घरच्यांना कळतं. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, पण ही दाढ गेली तर बाकीचे तिचं काम करू शकत नाहीत.

आमचं मत विचाराल तर फेकायला पोकळ पण जाड भिंतीचा नैसर्गिक रबराचा बॉल सगळ्यात बरा. दाबला की दबतो, सोडला की लगेच मूळ आकाराला येतो, दातांना झिजवत नाही, टप्पा चांगला घेतो. घेताना दोन्ही हातांनी जोरात दाबा आणि जोड कुठे आहे ते बघा. दोन अर्धे भाग चिकटवून केलेला असेल तर कधीतरी त्या जोडावरच उघडणार. वास घ्या, रॉकेलसारखा किंवा नव्या स्वस्त चपलेसारखा भपकारा आला तर परत ठेवा, आमच्या दुकानात आला तरी परत ठेवा आणि आम्हाला सांगा. आणि भोकं बघा. पोकळ बॉलला एकच भोक असेल तर घेऊ नका, कारण कुत्र्याने जीभ घातली की आत हवा ओढली जाऊन व्हॅक्यूम होतो, जीभ अडकते, सुजते, निघत नाही. दोन बाजूंना दोन भोकं हवीत, मग हवा खेळती राहते.

रंगाचं पण सांगतो कारण लाल बॉल सगळ्यात जास्त विकला जातो. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरव्यातला फरक त्याला कळत नाही. म्हणजे हिरव्या गवतातला लाल बॉल आपल्याला लांबून दिसतो, त्याला वासाने शोधावा लागतो. गवतावर खेळणार असाल तर निळा घ्या.

पाकिटावर "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय, मग चालेल ना, असं विचारतात. लहान मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला, पण तो नियम १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. कुत्र्यांची खेळणी त्यात येत नाहीत. म्हणजे पाकिटावरचं लिहिणं हे ज्याने बनवलं त्याचंच म्हणणं असतं, म्हणून हाताने दाबून, नाकाने हुंगून घेणं आलं.

चावायच्या रबराची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोराडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता, तो दगड चावून चावून दात घालवत होता. मार्कहॅम फोक्सवॅगनची गाडी दुरुस्त करताना पार्ट इकडे तिकडे टाकत होता, त्यातला सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा फ्रिट्झने उचलला आणि सोडेचना. त्यातून पुढे काँग कंपनीचं ते डोंगरासारखं तीन फुग्यांचं खेळणं आलं. आत दही-भात किंवा शिजवलेला भोपळा भरून फ्रीजरमध्ये ठेवा, अर्धा तास निघतो. पीनट बटर भरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलेलं नाही ना हे आधी वाचा, ते कुत्र्याला विष आहे.

घरातल्या आणि रस्त्यातल्या वस्तू

काठी फेकू नका. कुत्रं धावत जातं, काठीचं एक टोक मातीत रुततं आणि दुसरं टाळूत नाहीतर घशात घुसतं, शिवाय कुसळं हिरडीत राहतात ती वेगळी. दगड तर नकोच. कडक प्लास्टिकची फ्रिस्बी चावली की कडा धारदार होतात आणि हिरड्या कापतात, कापडी किंवा मऊ रबराची घ्या. कोकणात गावी गेलं की नारळाचं सोडण देतात खेळायला, त्याचे तंतू गिळले जातात. मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात दाणे खाऊन टाकलेलं मक्याचं कणीस, ही दोन्ही बरोबर आतड्यात अडकायच्या मापाची असतात, आणि दोन्हीला वास असा गोड की कुत्रं न चावता गिळतं. टेकडीवर कणसाच्या गाडीजवळून जाताना पट्टा आखूड धरा. जुनी चप्पल पण देऊ नका, जुनी कुठली आणि नवी कोल्हापुरी कुठली हे त्याला कसं कळणार.

शिट्टीवाली मऊ खेळणी म्हणजे दाबलं की चीं करणारी, ती आम्ही फक्त अलगद तोंडात धरून फिरणाऱ्या कुत्र्यांनाच देतो. चावणारं कुत्रं पाच मिनिटांत पोट फाडून ती शिट्टी बाहेर काढतं आणि पुढे काय करेल सांगता येत नाही.

खेळताना

"सोड" शिकवा, बाकी काही आलं नाही तरी चालेल. तोंडातून ओरबाडून घेतलंत तर कुत्रं पळवायला नाहीतर गिळायला शिकतं. सारखे दोन बॉल ठेवा, पहिला आणला की दुसरा दाखवा, तोंडातला आपोआप पडतो, पडताना "सोड" म्हणा, आठवड्याभरात जमतं. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला, मोठ्या जातीचं असेल तर दीड वर्षापर्यंत, उंच उड्या मारायला लावू नका, हाडांची वाढ चालू असते, बॉल जमिनीलगत सोडा. दात बदलायच्या वयात, म्हणजे साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, मऊ रबरच द्या, दुधाचा दात बॉलमध्ये रुतून आला तर घाबरू नका.

उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत नाहीतर सूर्य मावळल्यावरच खेळा. रस्त्यावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद ठेवा, तुम्हाला भाजलं तर त्याच्या पंजाला पण भाजतं. बॉलवेडं कुत्रं स्वतःहून थांबत नाही, ते पडेपर्यंत धावतं, त्यामुळे जीभ रुंद होऊन लोंबायला लागली की थांबवणं तुमच्याच हातात आहे. पावसाळ्यात डबक्यात पडलेला बॉल तोंडाने उचलू देऊ नका, उंदरांच्या मुतामुळे लेप्टो या आजाराचा धोका असतो, वर्षाची लस चुकवू नका आणि बॉल घरी आल्यावर साध्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा.

गिळलंच तर

वाट बघत बसू नका. सारखी उलटी, खाणं बंद, शी होत नाही किंवा नुसतं कुंथतंय, पोटाला हात लावू देत नाही, यातलं काहीही दिसलं की डॉक्टरकडे, आणि फाटलेल्या खेळण्याचे उरलेले तुकडे सोबत न्या म्हणजे किती आत गेलंय त्याचा अंदाज येतो. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. शीच्या जागेतून दोरा लोंबत असेल तर ओढू नका. बॉल घशात अडकून श्वासच बंद झाला असेल तर तोंडात बोटं घालून तो आणखी आत जातो, त्याऐवजी बाहेरून गळ्यावर, बॉलच्या मागच्या बाजूला दोन्ही अंगठे लावून तोंडाकडे जोरात ढकला, आणि कुणालातरी गाडी काढायला सांगा.

पुढचा बॉल घ्यायला याल तेव्हा जुनं फाटलेलं खेळणं टाकून न देता पिशवीत घालून आणा. त्यावरचे खड्डे बघितले की कुत्रं पुढच्या दातांनी सोलतंय की मागच्या दाढेने चिरडतंय ते कळतं. सोलणाऱ्याला गुळगुळीत, कडा नसलेलं रबर द्यावं लागतं आणि चिरडणाऱ्याला जाड भिंतीचं. कुत्र्याला सोबत आणलंत तर उत्तमच, बॉल तोंडाशी धरून माप बघता येतं, पाण्याचं भांडं दाराबाहेर भरलेलं असतं. दुकान सोमवारी बंद, बाकीचे दिवस सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९.